लंडनचें युद्धकालीन मराठी ध्वनिक्षेपण आणि त्याचे कागद

(१) प्रयोजन

इतिहासाचें साधन म्हटलें कीं दप्तरें, बाडें, ताम्रपट, शिलालेख अशा वस्तु आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. या सर्वांत एक गुण समान आहे; लिहिणारा गेला तरी त्याचें लिहिणें मागें राहतें. विसाव्या शतकानें मात्र एक निराळें साधन निर्माण केलें. तें उच्चारल्याबरोबर नाहींसें होई, आणि तरीहि लाखों लोकांच्या आशा, भीति व मतें त्याच्यावर अवलंबून असत. तें साधन म्हणजे नभोवाणी. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमधून रात्रंदिवस जें ध्वनिक्षेपण चाले, त्यांत १ मार्च १९४२ रोजीं मराठीस स्थान मिळालें, आणि २५ डिसेंबर १९५८ पर्यंत तें टिकलें. म्हणजे सुमारें १७ वर्षें लंडनहून मराठी बोलली जात होती. हें एवढें मराठी गेलें कोठें, त्याचे कोणते कागद उरले, ते वाचावे कसे, आणि हिंगोली-परभणीकडील संग्राहकांच्या पेट्यांतून त्यांस पुरवणी मिळण्यासारखी आहे कीं काय, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

हा विचार आतांच करण्याचें कारण उघड आहे. ज्यांनीं तें ध्वनिक्षेपण जाणत्या वयांत ऐकलें, ती पिढी बहुतेक संपली आहे. त्यांच्या घरचे जुने कागद नातवंडांच्या हातीं आले असून, सनदा व वतनपत्रें जपून ठेवावीं आणि विसाव्या शतकांतील चिठ्ठ्याचपाट्या रद्दींत घालाव्या, असा क्रम सर्वत्र चालू आहे.

(२) ब्रिटनमधील नभोवाणीचा एक दिवस

मराठी विभाग ज्या मोठ्या यंत्राचा एक लहानसा भाग होता, त्याची कल्पना प्रथम दिली पाहिजे. जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली त्याच दिवशीं, म्हणजे १ सप्टेंबर १९३९ रोजीं, बी. बी. सी. नें आपले राष्ट्रीय व प्रांतिक असे निरनिराळे कार्यक्रम बंद करून देशांतील श्रोत्यांसाठीं ‘होम सर्व्हिस’ हा एकच कार्यक्रम ठेवला. दूरचित्रांचें प्रक्षेपणहि त्याच दिवशीं थांबलें. एकच कार्यक्रम ठेवण्याचें कारण लष्करी होतें. प्रत्येक केंद्राची लहरलांबी वेगळी असली, तर शत्रूच्या विमानास त्या लहरींचा माग धरून शहराची दिशा काढतां येते. म्हणून अनेक केंद्रें एकाच लहरलांबीवर एकत्र चालविण्यांत आलीं, म्हणजे कोणती लहर कोठून येते हें वैमानिकास उमगूं नये. ३ सप्टेंबर रोजीं सकाळीं सव्वाअकरा वाजतां पंतप्रधान चेंबरलेन यांनीं युद्ध सुरू झाल्याचें याच मार्गानें राष्ट्रास कळविलें, आणि त्याच संध्याकाळीं राजे सहावे जॉर्ज यांचें भाषण झालें.

यानंतर दिवसाची एक ठराविक घडी बसली. सकाळीं सातास बातम्या; सव्वाआठास ‘किचन फ्रंट’ या नांवाचें पांच मिनिटांचें भाषण, ज्यांत शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या तुटपुंज्या जिनसांत घर कसें चालवावें हें गृहिणींस सांगत; साडेदहास व पुन्हां दुपारीं तीनास कारखान्यांतील कामकऱ्यांचा शीण हलका व्हावा म्हणून अखंड वाद्यसंगीत; एकास व सहास बातम्या; आणि रात्रीं नऊस ‘बिग बेन’ घड्याळाचे ठोके होऊन दिवसाचीं मुख्य बातमीं. १९४० च्या उन्हाळ्यापासून बातम्या वाचणारा आपलें नांव सांगूं लागला. त्यापूर्वीं निनांवी आवाजाची पद्धत होती. पण शत्रु देशांत उतरला व त्यानें एखादें केंद्र हस्तगत करून खोट्या बातम्या सोडल्या, तर लोकांस अस्सल आवाज ओळखतां यावा, ही त्यांतील योजना होती. कागदावर शिक्का असतो, त्याप्रमाणें येथें आवाज हाच शिक्का ठरला.

या घडीस धक्के बसलेच. १५ ऑक्टोबर १९४० च्या रात्रीं लंडनमधील ब्रॉडकास्टिंग हाऊस या मुख्य इमारतींत बाँब पडून फुटला व सात नोकर माणसें ठार झालीं. त्या वेळीं नऊच्या बातम्या चालू होत्या. वाचणारे ब्रूस बेलफ्रेज क्षणभर थांबले आणि पुढें वाचूं लागले. श्रोत्यांस केवळ एक दबका आवाज ऐकूं आला.

देशांतील श्रोत्यांसाठीं हा दिवस चालत असतां, त्याच संस्थेंत परदेशांसाठीं दुसरा दिवस चाले, आणि त्यास सूर्यास्त नव्हता. लंडनमध्यें दुपार असे तेव्हां हिंदुस्थानांत संध्याकाळ होई. म्हणून आमच्याकडील श्रोत्यांचे कार्यक्रम तिकडील कामाच्या ऐन भरांत होत. युद्धाच्या अखेरीस बी. बी. सी. सुमारें ४५ भाषांतून बोलत होती.

(३) मराठीचा प्रवेश

हिंदुस्थानी भाषेंतील ध्वनिक्षेपण ११ मे १९४० रोजीं सुरू झालें. १९४१ मध्यें तमिळ व बंगाली आलीं. आणि १ मार्च १९४२ रोजीं, रविवारीं, मराठी व गुजराथी या दोन भाषा एकाच दिवशीं सुरू झाल्या. पैकीं गुजराथी सप्टेंबर १९४४ मध्यें बंद पडली. मराठी मात्र पुढें १४ वर्षें चालली.

हा मुहूर्त सहज आलेला नव्हता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें होतें. रंगून ८ मार्च रोजीं पडावयाचें होतें. आणि ११ मार्च रोजीं क्रिप्स यांच्या शिष्टाईची घोषणा व्हावयाची होती. दुसऱ्या बाजूनें बर्लिनकडील ‘आझाद हिंद’ नभोवाणी इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ यांबरोबर मराठींतहि बोलूं लागली होती, आणि वर्षभर अज्ञातवासांत असलेल्या सुभाषचंद्र बोस यांचा आवाज फेब्रुवारी १९४२ मध्यें तिच्यावरून लोकांनीं ऐकला. तेव्हां लंडनचें मराठी ध्वनिक्षेपण हें मराठीवरील प्रेमापोटीं जन्मास आलें असें समजण्याचें कारण नाहीं. तें युद्धाचें एक हत्यार होतें. पण शिलेदाराच्या तलवारीवर कोरलेलीं अक्षरें आपण जशीं वाचतों, तशींच हत्याराचीहि साक्ष घेतां येते.

हिंदुस्थान विभागाच्या कार्यक्रमांचे प्रमुख झुल्फिकार अली बुखारी हे होते व त्यांच्यावर सर माल्कम डार्लिंग हे पंजाबांतील निवृत्त मुलकी अधिकारी होते. ऑगस्ट १९४१ मध्यें एरिक ब्लेअर नांवाचा एक लेखक येथें नोकरीस लागला. त्याचा जन्म १९०३ सालीं बिहारांतील मोतिहारी येथें झालेला, आणि जॉर्ज ऑरवेल या टोपणनांवानें तो पुढें जगप्रसिद्ध झाला. हिंदुस्थानासाठीं दर आठवड्यास युद्धाचा आढावा लिहिणें हें त्याच्या कामांपैकीं एक होतें. असे दोनशेंहून अधिक मसुदे त्यानें लिहिले. त्यांतील कांहीं इंग्रजींतच वाचले जात; इतरांचा मराठी, गुजराथी, बंगाली वा तमिळमध्यें तर्जुमा होऊन ते त्या त्या भाषेच्या माणसाकडून वाचले जात. म्हणजे १९४२ मध्यें एखाद्या मराठी श्रोत्यानें जें लंडनचें बातमीपत्र ऐकलें, त्याच्या मागें ऑरवेलची लेखणी असण्याचा संभव होता. परंतु श्रोत्यास तिची गंधवार्ताहि नव्हती.

या कामांत ब्लेअर यांच्याबरोबर वेणू चितळे या मराठी बाई होत्या. कोल्हापूर भागांत १९१२ सालीं जन्मलेल्या चितळे १९३४ सालीं इंग्लंडास गेल्या आणि युद्ध सुरू झाल्यावर बी. बी. सी. त आल्या. मराठींतील ध्वनिक्षेपणाप्रमाणेंच इंग्रजींतील कार्यक्रमांतहि त्या भाग घेत. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, ऊना मार्सन व ब्लेअर हे एकत्र दिसतात असें ‘व्हॉइस’ या काव्यविषयक कार्यक्रमाचें १९४२ सालचें प्रसिद्ध छायाचित्र पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. त्यांत चितळेहि आहेत. १९४७ च्या अखेरीस त्या स्वदेशीं परतल्या व १९५० सालीं मुंबईस त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी छापली गेली. १९९५ सालीं त्या वारल्या. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांचें नांव क्वचितच येतें. कारण त्यांचें छापील लेखन इंग्रजींत, आणि मराठी काम हवेंत विरलेलें.

(४) एका बातमीपत्राचे कागद

आतां मुख्य मुद्दा. बोललेला शब्द हवेंत विरला, तरी तो बोलला जाण्यापूर्वीं व बोलल्यानंतर कागद निर्माण होत, आणि एका बातमीपत्रामागें पांच प्रकारचे कागद संभवतात.

पहिला, इंग्रजी मसुदा. दुसरा, त्याची टंकलिखित प्रत. हिच्यावर दोन तपासनिसांच्या मंजुरीची निशाणी असे. एक तपासनीस लष्करी गुपितासाठीं व दुसरा धोरणासाठीं. पेशवाई पत्रावरील मोर्तब पाहिल्याविना आपण तें पत्र रवाना झालें असें मानीत नाहीं. तीच गोष्ट येथें. या निशाण्या नसलेली प्रत ही कच्ची प्रत समजावी, आणि खोडलेल्या ओळी विशेष काळजीनें वाचाव्या. कारण सरकारला कोणती गोष्ट ऐकूं जाऊं द्यावयाची नव्हती, हें त्याच सांगतात. तिसरा, मराठी तर्जुमा, जो प्रत्यक्ष वाचला गेला. चौथा, ‘प्रत्यक्ष प्रक्षेपित झालेल्या कार्यक्रमांची’ रोजवही. हींत कोणता कार्यक्रम, कोणत्या मिनिटास, कोणाच्या आवाजांत गेला याची रोजची नोंद होई. पेशव्यांच्या रोजकीर्दीचें काम ज्यांनीं केलें आहे, त्यांस हिचें महत्त्व सांगावयास नको. पांचवा, वक्त्यास बोलावण्याचीं व मानधनाचीं पत्रें. यांवरून वक्त्याचें नांव, पत्ता, विषय व वेळ हीं कळतात.

तर्जुमा वाचला जात असतां एक माणूस कळीवर हात ठेवून बसलेला असे. मंजूर प्रतींत नसलेलें वाक्य वाचणाऱ्याच्या तोंडून निघालें, तर कळ दाबून आवाज तोडावयाचा हें त्याचें काम. हें काम मराठी न जाणणाऱ्याच्यानें होणें शक्य नव्हतें. त्यामुळें परभाषेच्या ध्वनिक्षेपणास बोलणारा, भाषांतर करणारा व पहारा करणारा असे त्या भाषेचे जाणकार लागत, आणि युद्धकाळच्या लंडनांत त्यांची वाण असे.

या पांचांपैकीं उरलें काय? ब्लेअर यांच्या इंग्रजी बातमीपत्रांच्या पुष्कळ प्रती बी. बी. सी. च्या लेखागारांत टिकल्या. १९८५ सालीं डब्ल्यू. जे. वेस्ट यांनीं त्या दोन खंडांत छापल्या, व १९९८ मध्यें पीटर डेव्हिसन यांनीं संपादिलेल्या २० खंडांच्या समग्र ग्रंथावलींत त्या तिथिवार लागल्या. देशी भाषांतील बातमीपत्रांचें भाग्य तसें नाहीं. त्यांपैकीं पुष्कळांचा क्रमांक, दिनांक व वाचणाऱ्याचें नांव एवढाच दाखला राहिला आहे. ध्वनिमुद्रित तबकड्यांची आशाहि थोडी. युद्धकाळांत निवडक कार्यक्रमच मुद्रित होत. खुद्द ब्लेअर यांनीं इतकीं भाषणें केलीं, पण त्यांच्या आवाजाची एकहि तबकडी ज्ञात नाहीं. सारांश, आपल्याकडे जी उणीव आहे ती तिसऱ्या कागदाची, म्हणजे मराठी शब्दाची.

या शब्दाचें मोल केवळ राजकीय नाहीं. विमानें, रणगाडे, पाणबुड्या, शिधावाटप, युद्धविराम यांविषयीं रोज उठून सोप्या मराठींत बोलावयाचें, आणि तेंहि ऐकणाऱ्यास पुन्हां मागें वळून वाचतां येणार नाहीं हें लक्षांत घेऊन, हा मराठी गद्याचा एक नवा प्रयोग होता. तो वृत्तपत्रीय गद्याहून वेगळा असलाच पाहिजे. त्याचा नमुना हातीं आल्यास भाषेच्या इतिहासांतील एक रिकामी जागा भरेल.

(५) घड्याळ व शक

अशा कागदांचा काल ठरवितांना एक मोठी अडचण येते. ती ध्यानांत न घेतल्यास अस्सल टिपण खोटें ठरविण्याची चूक होईल. युद्धकाळांत ब्रिटननें व हिंदुस्थाननें आपापलीं घड्याळें हलविलीं. ब्रिटनमध्यें हिवाळ्यांतहि घड्याळ ग्रीनिचच्या एक तास पुढें ठेवीत, व १९४१ पासून उन्हाळ्यांत दोन तास. हिंदुस्थानांत प्रमाणवेळ साडेपांच तास पुढें होती. ती १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत साडेसहा तास पुढें नेली. परिणाम असा कीं, लंडन व हिंदुस्थान यांतील अंतर मार्च १९४२ मध्यें साडेचार तास, जुलै १९४२ मध्यें साडेतीन तास, ऑक्टोबर १९४२ मध्यें साडेपांच तास आणि जुलै १९४३ मध्यें पुन्हां साडेचार तास असें बदलत गेलें. लंडनच्या रोजवहींत दुपारचे तीन असतील, तर हिंदी श्रोत्याच्या वहींत त्याच कार्यक्रमाची वेळ साडेसहा, साडेसात किंवा साडेआठ अशी सांपडेल, आणि तिन्ही नोंदी खऱ्या असतील. मुंबई शहराची स्थानिक वेळ तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें होती, व तेथील कित्येक लोक १९५५ पर्यंत तीच पाळीत.

निजामाच्या राज्यांतील कागदास याहून एक फेरा अधिक. तेथें सरकारी कामांत फसली सन चाले व त्याचा आरंभ ऑक्टोबरच्या सुरवातीस आजूर महिन्यानें होई. म्हणून १ मार्च १९४२ हा दिवस फसली सन १३५१, हिजरी सन १३६१ चा सफर महिना आणि शके १८६३ चा फाल्गुन असा पडतो. एकाच घरांतील व्यापारी वहींत शक, सरकारी पावतींत फसली आणि टपालाच्या शिक्क्यांत इसवी सन, असा तिहेरी व्यवहार आढळल्यास गोंधळून जाऊं नये.

(६) हिंगोलीपर्यंतचा मार्ग

हिंगोली त्या काळीं हैदराबाद संस्थानच्या परभणी जिल्ह्यांत होती. स्वतंत्र जिल्हा ती १ मे १९९९ रोजीं झाली. एके काळीं हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी येथें असल्यामुळें लष्करी कागद या भागांत नवे नाहींत. संस्थानांत नभोवाणी १९३५ पासून सरकारच्या हातीं होती. हैदराबाद व औरंगाबाद येथें तिचीं केंद्रें असून, १ एप्रिल १९५० रोजीं तीं भारत सरकारच्या आकाशवाणींत सामील झालीं. राज्यकारभार व उच्च शिक्षण यांची भाषा उर्दू होती. अशा प्रदेशांत सातासमुद्रांपलीकडून मराठींत बातम्या ऐकूं येणें, हा केवळ बातम्यांचा प्रश्न नव्हता. आपली भाषा राजदरबारीं वापरण्याजोगी आहे, ही गोष्ट त्या परक्या केंद्रानें नकळत सिद्ध केली.

लंडनचा आवाज इतक्या दूर येई तो लघुलहरींवर. या लहरी पृथ्वीलगत फार दूर जात नाहींत. वर जाऊन वातावरणाच्या विद्युद्भारित थरावरून परावर्तित होतात व हजारों मैलांवर खालीं उतरतात. हा थर दिवस-रात्र व ऋतु यांप्रमाणें बदलतो, म्हणून एकच कार्यक्रम एकाच वेळीं अनेक लहरलांब्यांवर सोडीत, आणि श्रोता कांटा फिरवून त्यांतील स्पष्ट असेल ती निवडी. ब्रिटनच्या या प्रत्येक लहरीस संकेताक्षरें होतीं. ३१.५५ मीटर म्हणजे जी. एस्. बी.; २५.५३ मीटर म्हणजे जी. एस्. डी. जुन्या वहींत अशीं अक्षरें किंवा हे आंकडे आढळले, तर त्यांचा संबंध लंडनशीं आहे हें ओळखावें. वीज नसलेल्या गांवीं यंत्र बॅटरीवर चाले व ती उतरली कीं शहरांतून भरून आणावी लागे. त्यामुळें यंत्र वेळ ठरवूनच लावीत.

श्रोत्यांची संख्या फार मानूं नये. १९४७ सालींसुद्धां साऱ्या हिंदुस्थानांत नभोवाणीचे परवाने सुमारें पावणेतीन लाखच होते. ब्लेअर यांनीं १९४३ मध्यें राजीनामा दिला तो या कामाचा उपयोग होत नाहीं याच समजुतीनें. परंतु एका यंत्राभोवतीं दहावीस माणसें बसत व ऐकलेली बातमी बाजारांत जाई. परवान्यांच्या मोजदादींत ही गोष्ट येत नाहीं. तिचा पुरावा खासगी कागदांतच शोधला पाहिजे.

(७) प्रतिपक्षाच्या टिपणांचें मोल

मराठ्यांच्या हालचालींची पुष्कळ माहिती आपणांस मोंगल दरबारच्या अखबारांतून व इंग्रज-पोर्तुगीज वखारींच्या पत्रांतून मिळते. नभोवाणीच्या बाबतींत हाच न्याय लागू पडतो. २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत मुंबईंत जें गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चाललें, त्याच्या चालकांत उषा मेहता या प्रमुख होत्या. स्वतःची प्रत जपून ठेवणें त्यांस धोक्याचें. परंतु सरकारच्या माणसांनीं पकडण्याच्या हेतूनें ध्वनिक्षेपणें शब्दशः उतरून घेतलीं, आणि खटल्यांतील पुराव्याच्या रूपानें तींच पुढच्या पिढीस मिळालीं. तसेंच बी. बी. सी. च्या श्रवणकेंद्रानें शत्रुराष्ट्रांचीं ध्वनिक्षेपणें रोज टिपून त्यांचे इंग्रजी सारांश केले. तो प्रचंड संग्रह आज ब्रिटनच्या इंपीरियल वॉर म्युझियमकडे आहे. म्हणून बर्लिनचें मराठी शोधावयाचें तर लंडनच्या टिपणांत, आणि मुंबईचें गुप्त केंद्र शोधावयाचें तर पोलिसांच्या दप्तरांत पाहावें. मात्र टिपणारा शत्रु आहे, तो घाईंत आहे, आणि आवाज मधूनमधून तुटला आहे, या तीन गोष्टी वाचतांना विसरूं नयेत.

लंडनचें मराठी ज्यांनीं टिपलें असेल, ते मात्र शत्रु नव्हेत. ते आपलेच आजेपणजे. बी. बी. सी. ची मराठी सेवा २ ऑक्टोबर २०१७ रोजीं नव्या रूपानें, संगणकाच्या जाळ्यावर, पुन्हां सुरू झाली. तिचें आजचें मराठी रोज साठविलें जातें. पहिल्या मराठीचा मात्र शोध घ्यावयाचा आहे.

(८) संग्राहकांस विनंति

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव व औंढा या भागांतील, तसेंच अन्यत्रच्या संग्राहकांनीं पुढील कागदांकडे लक्ष द्यावें: नभोवाणी-यंत्राचे परवाने व पावत्या, रोजनिशींत वा हिशेबाच्या वहीच्या कडेस टिपलेल्या बातम्या, वेळा व लहरलांब्या, लंडनला लिहिलेल्या पत्रांच्या नकला व तिकडून आलेलीं उत्तरें, छापील कार्यक्रमपत्रकें, आणि ज्यांच्या घरचें कोणी युद्धकाळांत इंग्लंडांत शिकत वा नोकरींत होतें, त्यांच्याकडील मराठी भाषणांचे मसुदे. या शेवटच्या प्रकारांतील एक पानहि अमोल आहे.

असा कागद मिळाल्यास लखोटा व कागद वेगळे करूं नयेत. लखोट्यावर तपासनिसाची चिठ्ठी चिकटविलेली असल्यास ती सोडवूं नये. जुळणी बदलण्यापूर्वीं मूळ क्रम टिपून ठेवावा. तारीख आहे त्याच सनांत उतरावी व तिचें इसवी रूपांतर कंसांत वेगळें द्यावें. वेळ लिहिलेली असल्यास ती लंडनची, हिंदी प्रमाणवेळ कीं स्थानिक, हें ठरविण्यापूर्वीं आंकडा बदलूं नये. नक्कल करतांना शुद्धलेखन सुधारूं नये. कारण कानानें ऐकून घाईनें लिहिलेल्या परकीय नांवांच्या अशुद्ध रूपांवरूनच, टिपणारानें तें वृत्तपत्रांत वाचलें नसून यंत्रावर ऐकलें होतें, हें सिद्ध होतें. त्या नोंदीची तारीख व वेळ नंतर लंडनच्या रोजवहीशीं ताडून पाहतां येईल, आणि दोन्ही जुळल्यास, जो मराठी शब्द हवेंत विरला असें आपण समजत होतों, त्याचा निदान सारांश तरी एका घरच्या वहींतून परत हातीं येईल.